उन्हाळी सहल आणि ऋतुचर्या : हिंगोली ते चिखलदरा घाटप्रवासाचे नियोजन

चैत्रपालवी फुटते, शाळांच्या परीक्षा संपत येतात, वसमत-कळमनुरी भागातील हळद शिजविण्याची घाई ओसरते आणि आमच्या जिल्ह्यातील चिकित्सालयांत दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जाऊ लागतो : ‘डॉक्टरसाहेब, चार दिवस चिखलदऱ्याला जाऊन यावे म्हणतो. सोबत आई आहे, लहान लेकरू आहे. गेले तर चालेल ना?’ प्रश्न साधा आहे; परंतु त्याचे उत्तर ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ इतके साधे असू शकत नाही. प्रवास हाही एक विहार आहे आणि विहार म्हटला की देश, काल, वय, बल, प्रकृती व सात्म्य यांचा विचार ओघानेच आला. औषधाची मात्रा ठरविताना जो विवेक आपण करतो, तोच प्रवासाची मात्रा ठरविताना का करू नये? प्रस्तुत लेखात हिंगोलीहून मोटारीने चिखलदऱ्यास जाण्याचे उदाहरण घेऊन उन्हाळ्याच्या आरंभीच्या घाटप्रवासाचे नियोजन कसे करावे, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या रुग्णांस सल्ला देताना त्याचा उपयोग करून घ्यावा, ही अपेक्षा.

कोणता ऋतू धरावा?

पहिला प्रश्न कालाचा. अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येनुसार माघ-फाल्गुन हा शिशिर, चैत्र-वैशाख हा वसंत आणि ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म होय. या गणनेने पाहता एप्रिल-मे महिन्यांतील सहल वसंतात पडते आणि रुग्णास कफप्रकोपाचा उपचार सांगावा लागतो. परंतु हिंगोली, वाशीम, अकोला या पट्ट्यात वैशाखात बाहेर पडून पाहावे. पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात, त्वचा रूक्ष होते, तृष्णा व दाह वाढतात. ही लक्षणे वसंताची म्हणावीत काय?

या ठिकाणी सुश्रुताचार्यांनी सांगितलेली दुसरी गणना उपयोगी पडते. दोषांचा संचय, प्रकोप व प्रशम यांच्या दृष्टीने त्यांनी फाल्गुन-चैत्र हा वसंत आणि वैशाख-ज्येष्ठ हा ग्रीष्म मानला आहे. आमच्या प्रदेशात हीच गणना प्रत्यक्षाशी जुळते. म्हणून गुढीपाडव्याच्या आसपास निघणाऱ्या प्रवाशाचा विचार वसंतातील कफप्रधान अवस्था धरून आणि अक्षय्य तृतीयेनंतर निघणाऱ्याचा विचार ग्रीष्म धरून करावा. मधला काळ हा ऋतुसंधी. मागील ऋतूचा शेवटचा व पुढील ऋतूचा पहिला असे दोन सप्ताह मिळून ऋतुसंधी होतो आणि या काळात पूर्वीची चर्या क्रमाने सोडून नवी चर्या क्रमाने स्वीकारावी, असे वाग्भटांनी सांगितले आहे. मोटारीतून तासाभरात घाट चढणारा प्रवासी मात्र हा क्रम पाळत नाही. तो एका दिवसात देशही बदलतो आणि चर्याही बदलतो. प्रवासातील बऱ्याच तक्रारींचे मूळ येथे आहे.

आणखी एक स्थानिक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आमच्याकडील शेतकरी कुटुंबे हळदीची काढणी, शिजवणी व वाळवणी उरकल्यावरच सहलीचा विचार करतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कौतुकामागे फेब्रुवारी ते एप्रिल हे तीन महिने उन्हात आणि शिजवणीच्या धगीत उभे राहणारी माणसे आहेत. आदानकालाने बल आधीच क्षीण केलेले, त्यात हे श्रम. असा मनुष्य विश्रांती म्हणून सहलीस निघतो, पण दुसऱ्याच दिवसापासून किल्ले चढू लागतो. अशा कुटुंबास आम्ही निघण्यापूर्वी निदान आठवडाभर घरीच विश्रांती, नित्य अभ्यंग व मधुर-स्निग्ध-द्रव आहार सुचवितो. सहलीचा पहिला दिवस हा त्या आठवड्यानंतरचा असावा.

डोंगर थंड म्हणजे किती थंड?

चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातील, सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील गिरिस्थान. उंची सुमारे १,११८ मीटर. विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण अशी त्याची ख्याती आहे. १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सन याने ते प्रकाशात आणले, अशी नोंद आहे. लोककथा मात्र भीमाने कीचकाचा वध करून त्यास येथील दरीत लोटले म्हणून ‘कीचकदरा’, असे सांगते.

‘थंड हवेचे ठिकाण’ या शब्दांनी प्रवासी फसतात. हवेचे तापमान दर हजार मीटर उंचीस सर्वसाधारणपणे साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. हिंगोलीची उंची सुमारे साडेचारशे मीटर. म्हणजे दोहोंतील अंतर साडेसहाशे मीटरच्या आसपास आणि तापमानातील फरक चार-साडेचार अंशांचा. हिंगोलीत ४२ अंश असतील, तर चिखलदऱ्यास भर दुपारी ३७-३८ अंश असू शकतात. पहाट व संध्याकाळ रम्य असते, वारा सुखद असतो, रात्री चादर लागते. परंतु दुपारचे ऊन हे ऊनच आहे. किंबहुना वाऱ्यामुळे घाम लगेच वाळतो, देहातील जलांश जात असल्याची जाणीव होत नाही आणि माणूस पाणी कमी पितो.

देशविचारानेही हे स्थान लक्षणीय आहे. पावसाळ्यात धुक्याने व धबधब्यांनी भरलेला हाच प्रदेश आनूप भासतो. उन्हाळ्यात मात्र सागाची पाने गळून गेलेली, ओढे आटलेले, असा तो जांगल होतो. धबधबे पाहण्याच्या हेतूने एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्याची निराशा होते, हे आधीच सांगून ठेवावे. उन्हाळ्यातील मेळघाटाचे सौंदर्य निराळे आहे : मोहाच्या फुलांचा पहाटेचा गंध, पानगळीमुळे दूरवर दिसणाऱ्या डोंगरांच्या निळ्या रांगा, सिपना नदीतील उरलेले डोह आणि त्यांवर पाण्यासाठी येणारे प्राणी-पक्षी. हे पाहायचे असेल तर पहाटेच उठावे लागते. निसर्गाने जणू ऋतुचर्येचाच नियम घालून दिला आहे.

मार्ग आणि वेळ

हिंगोलीहून दोन मार्ग आहेत. एक वाशीम, कारंजा, अमरावती, परतवाडा असा; दुसरा वाशीम, मालेगाव, पातूर, अकोला, अकोट, अंजनगाव-सुर्जी, परतवाडा असा. आम्ही दुसऱ्याची शिफारस करतो. हिंगोली ते अकोला हा भाग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ वर आहे. कनेरगाव नाक्यापाशी जिल्हा सोडावा, पुढे वाशीम मागे टाकून मेडशीचे जंगल आणि पातूरचा घाट पार करावा. अजिंठ्याच्या रांगेतील हा छोटा घाट म्हणजे पुढील मोठ्या घाटाची रंगीत तालीमच. लेकराला गाडी लागते की नाही, आईची कंबर धरते की नाही, चालकाचा हात कसा आहे, हे सारे येथे कळून येते. त्यानुसार पुढील योजना बदलता येते.

एकूण अंतर अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर. विसाव्यासह सहा-साडेसहा तास धरावेत. पहाटे पाचला निघाल्यास सातच्या सुमारास पातूर, आठपर्यंत अकोला, साडेदहापर्यंत परतवाडा आणि दुपारी बाराच्या आत चिखलदरा गाठता येते. अकोला-अकोट हा पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट टापू महाराष्ट्रातील अत्यंत तप्त प्रदेशांपैकी एक आहे. तो सकाळी नऊच्या आत ओलांडावा, हे या संपूर्ण नियोजनाचे मर्म होय. सकाळी नऊला घरून निघणारा प्रवासी नेमका मध्यान्ही या टापूत सापडतो आणि थकलेल्या चालकासह दुपारी घाट चढतो. चार तासांच्या आळसाची ही किंमत फार मोठी आहे.

वाटेत अंजनगाव-सुर्जीस अर्धा तास अवश्य थांबावे, विशेषतः प्रवासी वैद्य असेल तर. या गावाचे नाव इतिहासात ३० डिसेंबर १८०३ च्या शिंदे-इंग्रज तहामुळे ठाऊक आहे. आपल्याला ते पिंपळीमुळे ठाऊक असावे. अंजनगाव-अकोट परिसरातील बारी समाजाचे शेतकरी नागवेलीच्या जोडीने पानपिंपळीची लागवड करतात. जी पिप्पली आपण आयुष्यभर चूर्णाच्या रूपात वापरतो, तिचा वेल, तिचे पान आणि तिला लागणारी सावली प्रत्यक्ष पाहणे हा द्रव्यगुणाचा उत्तम पाठ आहे. मुलाबाळांनाही तो आवडतो.

परतवाड्याहून वर जाण्यास धामणगाव गढीमार्गे व घटांगमार्गे असे दोन रस्ते आहेत. एकाने चढावे व दुसऱ्याने उतरावे. घाटात चढणाऱ्या वाहनास वाट देण्याची जबाबदारी उतरणाऱ्यावर असते. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, सतत ब्रेकवर पाय ठेवू नये. टायरमधील हवा पहाटे, चाके थंड असताना तपासावी. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील रस्त्यांच्या वेळा व नियम निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारून घ्यावेत आणि अंधारात वनातून गाडी चालविण्याचा मोह टाळावा.

रथक्षोभ : चरकांची दूरदृष्टी

मोटार नव्हती तेव्हाही प्रवासाने होणारे विकार आचार्यांनी बारकाईने टिपले होते. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात पंचकर्मानंतर टाळावयाच्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत रथक्षोभ, म्हणजे वाहनाचे हिसके, आणि अत्यासन, म्हणजे दीर्घकाळ बसून राहणे, या दोन्हींचा समावेश आहे. रथक्षोभाने सांध्यांचे शैथिल्य, शिरःशूल, पोटातील क्षोभ व आध्मान, कटी-पृष्ठ-पार्श्ववेदना, मानेचे दौर्बल्य, पायांवर सूज आणि पाय बधिर होणे ही लक्षणे सांगितली आहेत. सहा तास मोटारीत बसून उतरलेल्या साठीच्या गृहस्थास विचारावे. तो ही यादी जशीच्या तशी सांगेल. दीर्घकाळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटरीच्या सिरांत रक्त गोठण्याचा धोका आधुनिक वैद्यकही सांगते. पादशोफाचा उल्लेख त्या दृष्टीने विचारात घ्यावा.

यावरून दोन व्यावहारिक नियम निघतात. पहिला : ज्या रुग्णाचे शोधन नुकतेच झाले आहे, त्याने संसर्जनक्रम पूर्ण होऊन बल परत येईपर्यंत घाटप्रवास करू नये. वसंतात वमन करविण्याचा प्रघात असल्यामुळे हा प्रसंग चैत्रात वारंवार येतो. ‘वमन झाले, आता मोकळा झालो’ असे समजून रुग्ण सहलीस निघतो. त्यास स्पष्ट शब्दांत थांबवावे. दुसरा : दर दीड तासाने गाडी थांबवून पाच-दहा मिनिटे चालावे. निघण्याच्या आदल्या रात्री कटी, जानु व पाद यांस तिळतेलाचा अभ्यंग करावा. ज्यास गृध्रसी आहे, त्याने पुढील आसनावर, कमरेमागे घडी केलेली चादर ठेवून बसावे. मागील आसनाच्या टोकाला हिसके अधिक बसतात.

न बोलली जाणारी गोष्ट

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आम्हांस येथे मांडावयाचा आहे. सहलीहून परतल्यावर आमच्याकडे येणाऱ्या स्त्री-रुग्णांत मूत्रदाह, ओटीपोटात वेदना व थेंबथेंब लघवी या तक्रारी अधिक आढळतात. कारण विचारले असता उत्तर बहुधा एकच : ‘रस्त्यात जायला जागा नव्हती, म्हणून पाणीच प्याले नाही.’ म्हणजे भर उन्हाळ्यात तृष्णावेगाचे धारण आणि मूत्रवेगाचेही धारण, असे दोन्ही एकाच वेळी घडते. वेगधारण हे रोगांचे मूळ होय, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. मूत्रवेगाच्या अवरोधाने अंगमर्द, अश्मरी, बस्ती व वंक्षण या ठिकाणी वेदना होतात, असे वाग्भट सांगतात. परंतु सहलीचा आराखडा आखताना पेट्रोल कुठे भरायचे हे ठरते, जेवण कुठे करायचे हे ठरते. घरातील स्त्रियांनी वेगविसर्जन कुठे करायचे, हे कोणी ठरवीत नाही.

म्हणून आमचा आग्रह असा की, थांबण्याची ठिकाणे निघण्यापूर्वीच कागदावर लिहावीत. मोठ्या गावांतील पेट्रोलपंप, बसस्थानक, ओळखीच्या माणसाचे घर, यांपैकी काही ना काही दर दीड तासाच्या टप्प्यावर असावेच. वाशीम, पातूर, अकोला, अकोट, परतवाडा अशी साखळी सहज जुळते. ‘घाई झाली तर सांगा’ असे म्हणून भागत नाही. सासूबाई व सूनबाई दोघीही सांगत नाहीत. गाडी ठरल्या ठिकाणी थांबलीच पाहिजे. तसेच मधुमेही व वृद्ध पुरुष, ज्यांना अष्ठीलेच्या वृद्धीमुळे वारंवार जावे लागते, त्यांनाही या नियमाचा दिलासा मिळतो.

दुसरा वेग निद्रेचा. निद्रेच्या अवरोधाने मोह, डोके व डोळे जड होणे, आळस, जांभया व अंगमर्द होतो. हे वर्णन चालकास लावून पाहिले म्हणजे अपघाताचे कारण समजते. पहाटे पाचला निघायचे असेल, तर चालकाने रात्री नऊला झोपलेच पाहिजे. सामान बांधण्यात मध्यरात्र करणाऱ्या कुटुंबाने पहाटे निघू नये. एक दिवस थांबावे.

आहार व पेये

मराठवाड्यातील प्रवासाची शिदोरी ही ऋतुचर्येच्या कसोटीस उतरणारी आहे. दुधात भिजविलेल्या पिठाच्या दशम्या दोन दिवस टिकतात, स्निग्ध व मधुर असतात. धपाटेही उत्तम, मात्र तिखट व लसूण यांची मात्रा कमी ठेवावी. ग्रीष्मात लवण, अम्ल व कटु रस टाळावेत, असे शास्त्र सांगते. सोबत शेंगदाण्याची चटणी असतेच, ती चवीपुरती घ्यावी. धपाट्यासोबत दही घेण्याची रीत आहे. परंतु वसंत, ग्रीष्म व शरद या ऋतूंत दही वर्ज्य सांगितले आहे. पिशवीत चार तास तापलेले दही तर सर्वथा टाळावे. ताकाविषयीही सुश्रुतांनी उष्णकाळी ते देऊ नये असे म्हटले आहे. व्यवहारात ताजे, गोड, भरपूर पाणी घातलेले व जिरे-साखर मिसळलेले ताक थोड्या प्रमाणात चालते, असा आमचा अनुभव आहे. धाब्यावरील आंबट मठ्ठा मात्र अम्लपित्ताच्या रुग्णास हमखास त्रास देतो.

पेयांत कैरीचे पन्हे प्रथम. कैरी उकडून, गर काढून, गूळ, वेलची व चिमूटभर सैंधव घालून तो घट्ट गर बाटलीत न्यावा. पाणी आयत्या वेळी मिसळावे. ज्वारीचे आंबील आणि साखर-पाण्यात कालविलेले सातूचे पीठ हीही आपल्या मातीतील पेये. वाग्भटांनी ग्रीष्मात पानक व सक्तू सांगितले आहेतच. वाळा घातलेले माठातील पाणी घरून न्यावे. मधुमेही रुग्णाने गुळाचे पन्हे टाळून जिरे-सैंधवयुक्त पाणी घ्यावे; आणि हृदय किंवा वृक्क यांच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असा सरसकट सल्ला देऊ नये.

वातानुकूलित गाडीविषयी एक शब्द. उन्हातून येऊन एकदम थंड हवेत बसणे व लगेच बर्फाचे पाणी पिणे ही आजची सवय आहे. उन्हाने, श्रमाने व भयाने पीडित मनुष्याने तत्काळ शीत जल सेवन करणे हे चरकांनी कुष्ठाच्या निदानांत गणले आहे. गाडीत हवा बाहेरच्यापेक्षा बेताचीच थंड ठेवावी, उतरण्यापूर्वी काही मिनिटे यंत्र बंद करावे आणि उन्हातून आल्यावर थोडे थांबून माठाचे पाणी घोटघोट प्यावे.

औषधांची पेटी

घाटात गाडी लागणे ही सर्वाधिक आढळणारी तक्रार. डोळ्यांना स्थिर दिसते आणि कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियास हालचाल जाणवते, या विसंगतीतून हृल्लास व छर्दी उत्पन्न होतात. म्हणून लेकरास मोबाईल पाहू देऊ नये, दूरच्या डोंगराकडे पाहावयास सांगावे, खिडकी किंचित उघडी ठेवावी. निघताना पोट रिकामेही नसावे व जडही नसावे. साळीच्या लाह्या उत्तम. सुंठ-साखर, आल्याचा छोटा तुकडा, वेलची चघळणे किंवा मोरावळा यांचा चांगला उपयोग होतो. पित्तप्रकृतीच्या व्यक्तीस सूतशेखर अथवा कामदुधा वैद्याने मात्रा ठरवून द्यावी.

औषधे नेताना उष्णतेचा विचार व्हावा. उन्हात उभ्या गाडीत आतील तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वाढते. गुग्गुळकल्पांच्या गोळ्या चिकटतात, घृते वितळून सांडतात. याहून गंभीर गोष्ट इन्सुलिनची. ते तापले की गुणहीन होते आणि बाटलीकडे पाहून नेहमी ते कळतही नाही. ते गाडीच्या कप्प्यात न ठेवता गार पिशवीत, सतत सोबत ठेवावे. रक्तदाबासाठी मूत्रल गोळ्या घेणाऱ्या वृद्धांस उन्हात जलक्षय लवकर होतो. त्यांच्या गोळ्या आपण परस्पर बंद करू नयेत. निघण्यापूर्वी त्यांच्या चिकित्सकाशी बोलण्यास सांगावे. आणि उभ्या गाडीत लेकरास वा वृद्धास क्षणभरही एकटे सोडू नये.

आपल्या मर्यादेचेही भान असावे. डोके दुखणे, मळमळ, खूप घाम, पायांत गोळे ही उष्माघाताची पूर्वसूचना. सावली, विश्रांती, ओले कापड व जलसंजीवनी यांनी ती आटोक्यात येते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येकास पाठ असावे. परंतु अंग चाळीस अंशांच्या वर तापले, रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात होय. तेथे कांद्याचा रस, चूर्ण, गुटी यांत वेळ घालवू नये. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काख व जांघ येथे थंड पट्ट्या ठेवाव्यात, बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे. घाटात सर्वत्र दूरध्वनी लागेलच असे नाही. म्हणून रुग्णालये कुठे आहेत हे वर जाण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

तीन दिवसांचा क्रम

पहिला दिवस पोहोचण्याचा. दुपारी हलके भोजन करून झोपावे. ग्रीष्मात दिवास्वप्नास शास्त्राची अनुमती आहे. सायंकाळी देवी पॉइंट किंवा पंचबोल येथे जावे. दुसऱ्या दिवशी सूर्योदयासच गाविलगड पाहावा. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी हा किल्ला घेतला. पुढे तोच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. ग्रीष्मात व्यायाम मंदच असावा, म्हणून गड पूर्ण फिरण्याचा हट्ट नको, साडेनऊपर्यंत परतावे. कडेकपारीत आग्यामोहोळ असते. अत्तर लावून, आरडाओरडा करीत तेथे जाऊ नये. सायंकाळी वनखात्याच्या नियमानुसार सेमाडोहच्या बाजूस फिरावे. तिसऱ्या दिवशी पहाटेच उतरून मध्यान्हीपूर्वी घर गाठावे. वाटेतील मुक्तागिरीच्या पायऱ्या आणि परतीचा प्रवास एकाच दिवसात बसविण्याचा आग्रह वृद्ध सोबत असताना धरू नये. त्यासाठी मार्गशीर्ष-पौष आहेतच.

मेळघाटात हिरडा, बेहडा, अर्जुन, बिब्बा, चारोळी पाहून वैद्याचा हात शिवशिवतो. तथापि अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानातून परवानगीविना वनस्पती काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. पाहावे, वहीत नोंदवावे, छायाचित्र घ्यावे, तोडू नये. उन्हाळ्यात तेथे वणव्याचे भय असते, काडी पेटवू नये. चिखलदऱ्यास पाऊस भरपूर पडतो, तरी उन्हाळ्यात पाणीटंचाई असते. आपण ज्या बादलीने स्नान करतो, ती आसपासच्या कोरकू पाड्यांतील पाण्याच्या वाट्यातील आहे, हे स्मरणात ठेवावे. याच मेळघाटातील बैरागड येथे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली व २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री प्राप्त झाली. आपण तीन दिवसांसाठी ज्या प्रदेशात जातो, तेथे कोणी आयुष्य वेचले आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

कोणी जाऊ नये?

नुकताच ज्वर येऊन गेलेला, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, अनियंत्रित रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण, अपस्मारी, शेवटच्या महिन्यांतील गर्भिणी आणि शोधनानंतर संसर्जन पूर्ण न झालेला रुग्ण यांस या ऋतूत घाटप्रवास सांगू नये. परंतु ‘तुम्ही जाऊ नका’ एवढेच म्हणून त्यांना घरात बसविणे हेही वैद्यास शोभत नाही. मनःप्रसाद हे त्यांच्याही चिकित्सेचे अंग आहे. हिंगोलीहून औंढा नागनाथ केवळ पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे निघून दर्शन घ्यावे, डोंगराच्या कुशीतील त्या परिसरात घटकाभर बसावे, सिद्धेश्वर जलाशयाचा वारा घ्यावा व नऊच्या आत घरी यावे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी तर त्याहूनही जवळ आहे. मात्रा अल्प, परंतु गुण येतोच.

घरातील वृद्धांना सोबत न्यावे की मागे ठेवावे, हा निर्णय अखेर कुटुंबाचा असतो. मात्र तो भीतीने किंवा उत्साहाच्या भरात न होता विचाराने व्हावा, हे पाहणे आपले काम. त्यासाठी रुग्णास पाच प्रश्न विचारावेत : किती वाजता निघणार, कुठे कुठे थांबणार, चालक किती तास झोपलेला असेल, सोबत पाणी व औषधे कोणती, आणि दुपारी बारा ते चार या वेळेत तुम्ही कुठे असाल? या पाचही प्रश्नांची उत्तरे तयार असतील, तर निःशंकपणे जा म्हणावे. नसतील, तर चिकित्सालयातच कागद-पेन हाती देऊन ती लिहून घ्यावीत. त्यास पाच-सात मिनिटे लागतात. व्याधी झाल्यावर लिहिलेल्या औषधपत्रापेक्षा हा कागद स्वस्थाचे स्वास्थ्य राखण्याच्या कामी अधिक उपयोगी पडतो. इति अलम्.